तरी मी सांगत होतो

कॉम्प्युटर पार बंद पडला तर घरात फारशी चर्चा होत नाही. तो उचलून दुकानात नेतात, सांगतील ते पैसे भरतात आणि परत आणतात. पण तो हँग व्हायला लागला, आणि तेही आत नवीन काही बसवल्यावर, की माणसांना कंठ फुटतो. बंद पडलेल्या यंत्राबद्दल मत द्यायला थोडंफार ज्ञान लागतं. अडकलेल्या यंत्राबद्दल मत द्यायला त्या वेळी खोलीत हजर असणं पुरतं.

जुना कॉम्प्युटर वयोमानाने अडखळत असेल तर लोक सांभाळून घेतात. पण चालत्या कॉम्प्युटरचं झाकण काढून आत जास्तीची रॅम आणि ग्राफिक्स कार्ड घातलं आणि मग तो थिजायला लागला, की कुठलाच आप्तेष्ट गप्प बसत नाही. ज्यांनी आयुष्यात कधी काही सांगितलं नव्हतं, तेही म्हणतात, "तरी मी सांगत होतो."

आमचा कॉम्प्युटर असेंबल केलेला, मध्यमवयीन, प्रकृतीने ठीक. त्यात ८ जीबीची एकच रॅम होती. मुलीला कॉलेजसाठी इमारतींचे त्रिमितीय आराखडे काढायचे होते, म्हणून शेजारी आणखी ८ जीबी बसवली आणि एक ग्राफिक्स कार्ड घातलं. दुकानातल्या मुलाने सगळं जोडून दिलं आणि निघताना हळूच म्हणाला, "सर, स्पीडपण वाढवून दिलाय. त्याचे पैसे नाही घेतले." फुकट मिळालेल्या गोष्टीची आपल्याकडे चौकशी करत नाहीत.

त्यानंतर कॉम्प्युटर हँग व्हायला लागला.

हँग होण्याचे प्रकार असतात. पहिल्या प्रकारात पडद्यावरचा बाण हलतो, पण क्लिक केल्यावर काहीच घडत नाही. हा सौम्य, एखादा प्रोग्रॅम रुसलेला असतो, त्याला बंद केलं की बाकीचे कामाला लागतात. दुसऱ्यात बाणही जागचा हलत नाही आणि कोपऱ्यातलं घड्याळ थांबतं. इथे जाणकार माणूस कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघतो. दिवा लागला-विझला तर आत कुणीतरी जागं आहे, चित्र तेवढं अडकलंय. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायची. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि पडदा कधीकधी भानावर येतो. दिवा ढिम्म राहिला तर मात्र पॉवरचं बटण दाबून धरण्यापलीकडे इलाज नाही. तिसरा प्रकार आवाजाचा. शेवटचा अर्धा सेकंद पुन्हा पुन्हा वाजत राहतो. सिनेमाचं गाणं असेल तर लगेच कळतं. शास्त्रीय गायन लागलेलं असेल तर आमचे बाबा बराच वेळ मान डोलावत बसतात आणि "काय दमसास आहे!" म्हणतात.

निळा पडदा आला असता तर बरं झालं असतं. तो जाता जाता निदान काहीतरी सांगून जातो. 'मेमरी मॅनेजमेंट' वगैरे एखादा कोड टाकतो, त्यावरून शोध घेता येतो. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये त्या पडद्याचा रंग निळ्याचा काळा केला, पण जबाब देण्याची पद्धत कायम ठेवली. हँग झालेला कॉम्प्युटर जबाब न देताच जातो. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक नोंदवही असते. तिथे मोठ्या आशेने जावं तर लाल खूण, 'क्रिटिकल' असा शेरा आणि पुढे 'कर्नल-पॉवर, ४१'. मजकूर वाचला की कळतं, कॉम्प्युटर रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढंच म्हणणं आहे. म्हणजे आपणच बटण दाबून धरलं त्याची ही नोंद. पंचनाम्यात 'इसम मयत आढळून आला' एवढं लिहून पोलिसांनी चहा प्यायला जावं, तसं.

साक्षीदार नाही, जबाब नाही, पुरावा नाही. अशा खटल्यात आरोपी मात्र भरपूर मिळतात.

खालच्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या मते जगात बिघाड दोनच, व्होल्टेज आणि अर्थिंग. बाकी सगळी त्यांची रूपं. ते खिशात टेस्टर घालूनच वर आले. कॅबिनेटच्या पत्र्याला त्यांनी टेस्टर टेकवला, आणि आतला दिवा मंद लाल पेटला. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वकील करावासा वाटला. त्यांचं चुकत नव्हतं. सॉकेटला अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, फिल्टरमधून झिरपणाऱ्या विजेला जायला वाट राहत नाही, ती पत्र्यावर येऊन बसते आणि टेस्टर मिणमिणतो. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घेतलं. बिघाड खरा होता, फक्त आम्ही शोधत होतो तो नव्हता. कॉम्प्युटर आता सुरक्षितपणे हँग होऊ लागला.

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि रात्रभर गेम खेळतो, त्यामुळे त्याच्या शब्दाला घरात वजन आहे.

"मामा, एसएमपीएस किती वॉटचा आहे?"

"४५०. लिहिलंय त्यावर."

"लिहिलंय," तो म्हणाला. एका शब्दात इतकी दया मी पूर्वी ऐकली नव्हती.

त्याचंही खरंच होतं. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढून घेतं, आणि स्वस्तातला एसएमपीएस त्या क्षणी मान टाकतो. पण असा कॉम्प्युटर भर गेममध्ये पडायला हवा. आमचा गॅसचं बिल भरताना अडकायचा.

"म्हणजे ताण नसताना," बाबा म्हणाले. "यंत्र रिकामं ठेवलं की बिघडतं. माणसाचंही तेच." भाचा हसला. पण गंमत अशी की बाबांच्या बाजूनेही पुरावा आहे. २०१७ मध्ये रायझन प्रोसेसरची पहिली पिढी आली, तेव्हा लिनक्स चालवणाऱ्या काही जणांचे कॉम्प्युटर भरपूर कामात ठणठणीत असायचे आणि रिकामे बसले की थिजायचे. प्रोसेसर इतका गाढ झोपायचा, इतकी कमी वीज मागायचा, की काही एसएमपीएसना तेवढं कमी देणं झेपायचं नाही. पुढे बायोसमध्ये, म्हणजे विंडोज-लिनक्सच्या आधी जागा होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, त्यासाठी एक वेगळी सेटिंग आली. प्रोसेसरला फार गाढ झोपू न देणारी. हे वाचून दाखवल्यावर बाबांनी फक्त "हं" म्हटलं आणि तेव्हापासून मी दुपारी आडवा झालो की ते मुद्दाम खोलीत येऊन काहीतरी शोधतात.

ऑफिसातल्या सहकाऱ्याने काही न ऐकताच निकाल दिला, "फॉरमॅट मार." हा सल्ला तो कॉम्प्युटरला, मोबाइलला आणि एकदा सोसायटीच्या कार्यकारिणीलाही देऊन चुकला आहे. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, आमच्याकडे तर व्यवस्थित चालत होता." या वाक्यावर अपील नाही. कॉम्प्युटर त्याच्या दुकानात खरोखरच व्यवस्थित चालतो. दुरुस्त करणाऱ्याच्या समोर न अडकणं हा अशा बिघाडाचा पहिला नियम आहे.

या सगळ्यांत मला जाणवलं ते असं, की चुकीचं कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाचं म्हणणं कुठल्या ना कुठल्या कॉम्प्युटरबद्दल खरं होतं. फक्त तो कॉम्प्युटर आमच्या टेबलावर नव्हता. आणि कुणालाच कारण नको होतं, आरोपी हवा होता. कारण शोधायला वेळ लागतो आणि ते सापडल्यावर कुणावर ओरडता येत नाही. आरोपी चहा गार होण्याच्या आत ठरवता येतो.

मग एका रविवारी सगळे आरोपी एकदम धरले गेले. भाच्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून नवा टाकला आणि बायोस अद्ययावत केलं. काकांनी एक्स्टेन्शन बोर्ड बदलायला लावला. सहकाऱ्याने फोनवरून व्हायरस शोधायला लावले. बाबांनी कॉम्प्युटर खिडकीपासून लांब सरकवला. मुलीने पंख्यांवरची धूळ रंगाच्या जुन्या ब्रशने झाडली. बायकोने मागची बोळकंडी झाडून घेतली, कारण तिच्या मते टेबल पुढे ओढलंच आहे तर.

त्यानंतर काही दिवस कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही, आणि घरात श्रेयवाद सुरू झाला. भाचा म्हणे ड्रायव्हर. काका म्हणे एक्स्टेन्शन बोर्ड, "लूज काँटॅक्ट होता, मला वासच आला होता." बाबा म्हणे ऊन. बायको काही बोलली नाही, पण पाहुण्यांना टेबलामागची फरशी दाखवत होती. ज्या शास्त्रात एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची असते, त्या शास्त्राची इतकी सामुदायिक हत्या एका दुपारात क्वचितच झाली असेल. मग पुढच्या आठवड्यात गॅसचं बिल भरताना घड्याळ पुन्हा थांबलं आणि सगळ्यांनी आपापलं श्रेय बिनबोभाट परत घेतलं. ज्याने त्याने दुसऱ्याच्या उपायामुळे नवीन बिघाड झाला असावा, अशी शंका तेवढी नोंदवली.

आता भाचा अवकाशात शिरला. "मामा, कॉस्मिक रेज असतील."

हेही अगदीच हवेतलं नाही. बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी निवडणूक झाली. ब्रुसेल्सजवळच्या शारबेक भागात इलेक्ट्रॉनिक मतदानाची मोजणी चालू असताना एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं पडलेली आढळली. फेरमोजणीत फरक निघाला ४,०९६ मतांचा. हा आकडा म्हणजे दोनचा बारावा घात, अगदी नेमका. प्रोग्रॅममध्ये चूक सापडेना, तेव्हा तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला की मेमरीतला एकच बिट आपोआप शून्याचा एक झाला असावा, आणि संशय अंतराळातून येणाऱ्या किरणांवर गेला. आपल्याकडे ४,०९६ मतं वाढली असती तर संशय इतक्या लांब गेला नसता. दुकानदाराला मी हा किस्सा ऐकवला. तो नीट ऐकून घेऊन म्हणाला, "सर, किरणं वॉरंटीत येत नाहीत."

रॅमच्या आत काय चालतं ते एकदा समजून घेतलं, की ती अडकते कशी यापेक्षा चालते कशी याचंच आश्चर्य वाटायला लागतं. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये जिचं पेटंट मिळालं, ती रचना मुळात आजही तीच आहे. एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर आणि त्यात साठवलेला विजेचा थेंब, असं एकेक घर. थेंब असला तर एक, नसला तर शून्य. अडचण एवढीच की थेंब गळतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावं लागतं, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा. ८ जीबीच्या एका पट्टीत अशी सुमारे ६,८७२ कोटी घरं असतात, भारताच्या लोकसंख्येच्या जवळपास ४७ पट. यातल्या एका घरातला थेंब ऐन वेळी कमी पडला आणि त्या घरात नेमकी महत्त्वाची सूचना ठेवलेली असली, की घड्याळ थांबतं. रिकाम्या घरात गळती झाली तर कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणूनच अशा बिघाडाला वेळकाळ नसतो, आणि म्हणूनच त्याच्यावर कुणाचंही मत बसवता येतं.

शेवटी ओळखीतून एक दुरुस्तीवाले दादा आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. त्यांनी कुणाचंच मत विचारलं नाही, त्यामुळे घरातले सगळे आधीच नाराज झाले. कॅबिनेट आडवं करून त्यांनी झाकण उघडलं आणि विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

"मुलगी कॉलेजात आहे. का हो?"

"खोडरबर पाहिजे."

शेजारच्या तिसरीतल्या मुलाच्या कंपासपेटीतून पांढरं खोडरबर आलं. दादांनी दोन्ही टोकांचे खटके दाबून रॅम वर काढली. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग होती. डीडीआर-४ च्या पट्टीला असे २८८ असतात, अर्धे या बाजूला, अर्धे त्या. त्यांवर बोटांचा तेलकटपणा आणि धूळ बसली की जोड कच्चा पडतो. दादांनी शुद्धलेखन खोडावं तसे ते दात एका दिशेने हळूहळू घासले, चुरा फुंकला नाही, रुमालाने टिपला. "फुंकर मारायची नाही. थुंकी उडते." मग पट्टीतली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक. दुसरीकडे टक. काका मागे उभे होते. त्यांनी माझ्या कानात विचारलं, "याचे किती घेणार?"

मग दादांनी पेन ड्राइव्ह लावला आणि विंडोज सुरू न करताच मेमटेस्ट८६ चालू केलं. १९९४ पासून चालत आलेला हा प्रोग्रॅम एकच काम करतो. मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो आणि परत वाचून बघतो. लिहिलं तेच वाचलं तर पुढचं घर. ना मत, ना अनुमान. "रात्रभर चालू द्या," असं सांगून दादा गेले. घरातल्या कुणालाच हे पटलं नाही. निदान करणाऱ्याने काहीतरी बोललं पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते.

पहाटे बाबांनी मला हलवून उठवलं. "अरे, पडद्यावर लाल ओळी आल्यात. काहीतरी निकाल लागलाय."

निकाल लागला होता. दादांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मुलीने आधी नवी रॅम काढून जुनी एकटी तपासली. एकही चूक नाही. मग जुनी काढून नवी एकटी. तीही निर्दोष. दोघी एकत्र बसवल्या की लाल ओळींचा पाऊस. सगळं घर अवाक झालं. दोन निर्दोष आरोपी मिळून एक गुन्हा करतात, ही कल्पनाच कुणाला मानवेना.

उलगडा त्या फुकटच्या स्पीडमध्ये निघाला. रॅमच्या पाकिटावर ठळक छापलेला वेग बरेचदा तिचा रोजचा नसतो, हौसेचा असतो. डीडीआर-४ चा ठरलेला दाब १.२ व्होल्ट, हौसेच्या वेगासाठी तो बहुधा १.३५ करतात. या सेटिंगला एक्सएमपी म्हणतात, इंटेलने ती २००७ मध्ये आणली. नव्या रॅममध्ये ३,२०० च्या वेगाची नोंद होती. जुनी २,६६६ वाली, तिच्याकडे हौसेची नोंदच नव्हती. जुनी एकटी असली की मदरबोर्ड तिला तिच्या चालीने चालू देई. नवी एकटी ३,२०० ने सुखात धावे. दोघी शेजारी बसल्या की बोर्ड नव्या रॅमची नोंद वाचून दोघींनाही तोच हुकूम देई, आणि जुनी धापा टाकत पळता पळता एखादा थेंब सांडे. एकाच पाकिटात जोडीने येणाऱ्या रॅम एकत्र तपासलेल्या असतात. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या दुकानांतून आणलेल्यांनी एकत्र नांदावं, ही फक्त आपली इच्छा असते.

मुलीने बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद केलं. वेग २,६६६ वर आला, दाब १.२ व्होल्टवर. मेमटेस्ट पुन्हा रात्रभर चालवलं; लाल ओळ नाही. इमारतींचे आराखडे पूर्वीइतक्याच जोमात फिरू लागले. वेग कमी झाल्याचा फरक कुणालाच कळला नाही.

खटला निकाली निघाला तरी घरात समाधान दिसेना. ओरडायचं कुणावर? जुनी रॅम निर्दोष, नवी निर्दोष, बोर्डाने नियमाप्रमाणे केलं, दुकानातल्या मुलाचा हेतू चांगला. फक्त काकांचा चेहरा उजळला. "१.३५ वरून १.२ केलं म्हणतोस? म्हणजे व्होल्टेजच ना! तरी मी सांगत होतो." २३० व्होल्टच्या सॉकेटचा याच्याशी संबंध नाही, हे मी सांगून पाहिलं. पण माणूस जिंकल्यावर आकड्यांत शिरत नाही. आता सोसायटीत कुणाचा मोबाइल अडकला, लिफ्ट अडकली, तरी लोक आधी काकांकडे जातात आणि काका खिशातला टेस्टर काढतात.

भाच्याला मात्र हा निकाल मान्य नाही. त्याच्या मते खरा आरोपी अजून मोकळाच आहे, तो म्हणजे उरलेला सगळा कॉम्प्युटर.

"मामा, आता डीडीआर-५ घेऊन टाक."

"ती या बोर्डात बसेल?"

"छे. खाच वेगळी असते. बोर्ड बदलावा लागेल."

"आणि प्रोसेसर?"

"त्या बोर्डावर हा चालणार नाही. एसएमपीएस तर मी आधीच सांगितला होता."

२०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव असे भडकले होते की नुसती चौकशी करायलाही धीर लागायचा. तरी मी विचारलं, "मग आपल्या कॉम्प्युटरमधलं त्या कॉम्प्युटरमध्ये काय राहील?"

त्याने बराच वेळ विचार केला.

"कॅबिनेट," तो म्हणाला. "पण थोडं लहान पडेल."